भरती किती वाजता

नव्या पुलाच्या कमानींतल्या भेगा मोजायचं काम
ऑफिसात कुणालाच नको होतं,
म्हणून ते माझ्या टेबलावर आलं.
होडी मिळाली जलपर्णी काढणाऱ्या ठेकेदाराची,
आणि होडीबरोबर आले हसुराम पावसे, मुक्काम हर्णै,
तीन वर्षांपासून मुठेत.

ओंकारेश्वराच्या खालून निघालो.
पहिली दहा मिनिटं मला माझंच शहर ओळखेना.
जन्मभर रस्त्यावरून बघत आले होते पुण्याकडे;
पाण्यातून ते पाठमोरं दिसतं.
मोऱ्यांची तोंडं, गाळात उतरत गेलेल्या पायऱ्या,
एका भिंतीवर कुणीतरी वाळत घातलेली गोधडी,
आणि दगड, दगड,
ज्यांच्याकडे बघून कुणी कधी फोटोसाठी हसलं नसेल.

"गावाला पाव्हण्यांना फिरवायचो," पावसे म्हणाले,
"सुवर्णदुर्गाला वळसा, मग जुनी बखार, मग बत्तीघर.
माणशी ऐंशी रुपये, पोरांना अर्धे.
इमारत पाण्यातनंच बघावी, बाय.
जमिनीवरनं ती पावडर लावून उभी असते."

मग त्यांनी विचारलं, इथली बखार कुठली?
म्हटलं, इथे बंदर नव्हतं, काका.
"मग एवढा घाट?"
दहाव्याला लागतो, म्हटलं.
आणि आम्ही दोघंही गप्प झालो,
कारण घाटावर एक नुकतंच मुंडण केलेला मुलगा
हात जोडून कावळ्याला काहीतरी कबूल करत होता,
आणि कावळा
आमच्या होडीकडे बघत होता.

पुलाखाली गार, हिरवट अंधार.
वरून बस गेली की कमान घशातल्या घशात काही बोलायची.
पावशांनी बांबू गाळात रोवला,
मी टेप लावली:
भेग ब-सहा, भेग ब-सात, मागच्या वेळेपेक्षा दोन मिलिमीटर जास्त.
ते दगडावरून हात फिरवत होते,
बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.
डोक्याच्याही वर एका डागाशी तळवा थांबला.
"इथवर आल्तं पाणी. भरती किती वाजता असते?"
भरती नसते. धरणातून सोडतात.
आधी फोन येतो.
ते इतके हसले की होडी हलली
आणि ब-सातची नोंद वाकडी झाली.

संगमाशी पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं.
रेल्वेच्या पुलावरून एक मालगाडी जाता जाता संपत नव्हती.
पावसे म्हणाले, "नारळी पुनवेला मी नारळ इथंच सोडतो.
कुंकू लावून, वर सोनेरी कागद.
गावी जाता येत नाय, सुट्टी नाय.
हितनं किती दिसांत पोचत असंल हर्णैला?"

मला खोटं बोलता आलं असतं.
पण हातात नकाशाची सुरळी होती, आणि नोकरी तीच.
म्हटलं, हे पाणी भीमेला जातं, काका.
भीमा कृष्णेला. कृष्णा पूर्वेच्या समुद्राला.
तुमच्या समुद्राकडे हे जातच नाही.

त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं.
तिकडे फक्त इमारती होत्या, आणि त्यांच्यावर टाक्या.
"म्हंजे डोंगर उतरला की माझं घर,
आणि ही त्याच डोंगरातनं निघून
घराला पाठ करून चालली?"
हो.

बराच वेळ बांबूवरून थेंब गळत राहिले.
मग, मला नाही, पाण्यालाच विचारल्यासारखं:
"मग आयेला दर वर्षी नारळ कुठनं गावला?
फोन करून सांगायची ना ती.
गावला रे, कुंकू जरा पुसलंय,
पण तुझाच."

परत फिरलो. उजेड जेमतेम होता.
ब-आठ राहिली होती मोजायची.
मी म्हटलं, उद्या बघू.
"नाय," ते म्हणाले, "आत्ताच घ्या,"
आणि त्या काळ्या, वाहायचं विसरलेल्या पाण्यात
त्यांनी होडी अशी धरली,
की टेपवरचा एक आकडासुद्धा हलला नाही.