पातेलं, सव्वीस मीटर खाली

भरती लागली की कंदूचं तोंड उघडतं.
दोन प्रवाळबेटांमधली ही फट, जेमतेम शंभर वाव,
आणि बाहेरचा अख्खा समुद्र तिच्यातूनच आत यायला निघालेला,
शाळा भरताना एकाच दारातून घुसणाऱ्या पोरांसारखा.

बाप ढोणीच्या नाळेवर उभा.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्याने पाणी वाचतो.
"अजून नाही. सुरकुत्या आडव्या आहेत."
पाहुणे टाक्या बांधून घामेजलेत,
त्यांच्या मनगटांवरची घड्याळं केव्हाची हो म्हणतायत.
मग दोंकालो बोटं मोडतो. म्हणजे आता.

उडी, डोकं खाली. वर रेंगाळला त्याला पाणी नेतं.
पाच. बारा. वीस.
कानांत चणे फुटतात.
कडेच्या खडकात हूक अडकवला
आणि दोरीच्या टोकाला मी,
वाऱ्यावर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी.

समोर मुशी. तेरा मोजल्या.
प्रवाहाकडे तोंड, शेपूट हलतंय न हलतंय,
जागच्या जागी.
पोहणं म्हणजे पुढे जाणं, असं शिकवणाऱ्या मास्तरांना
एकदा इथे आणायला हवं होतं.

मान वळवली तर मास्क जाईल अशी ओढ.
तरी वळवली, मागची चार माणसं मोजायला.
आणि डावीकडे, पंख्याच्या पोवळ्याखाली,
ते.
पितळेचं. एक कान तुटलेला.

मी सहा वर्षांची असताना
बापाने धुता धुता ते इथेच हातातून सोडलं होतं.
तेव्हापासून एकवीस वर्षं
आईचं कुठलंही भांडण, कशावरूनही सुरू झालेलं,
त्या पातेल्यापाशी येऊन थांबतं.

काठावर गुलाबी कवच चढलंय.
आत एक वाम, तोंडाची उघडझाप करत,
भाडं थकवलेल्याकडे बघणाऱ्या घरमालकिणीसारखी.

चार हात अंतर.
या पाण्यात चार हात म्हणजे दुसरं गाव.
काट्यावर नव्वद उरलेले,
मागे एका बाईचे डोळे मोठे झालेले.
हूकवर गेलेला हात मी तिच्याकडे वळवला:
श्वास घे. हळू. अजून हळू.

मग सगळ्यांनी एकदम सोडलं
आणि कंदूने आम्हाला गिळून टाकलं.
पोवळी, वाळू, एक पाकट, पुन्हा वाळू,
कुणीही पाय मारत नव्हतं.
खाजणात नारिंगी नळी वर सोडली
तर ढोणी आधीच तिथे, इंजिन बंद करून.

बापाला सांगितलं. तो दोर गुंडाळत राहिला.
"कुठला कान तुटलाय?"
"डावा."
"मग तेच," म्हणाला.
गोल पातेल्याला डावं-उजवं काय असतं
ते दोघांनीही विचारलं नाही.

रात्री भात खाली लागला.
"ते पातेलं असतं तर," आईने सुरू केलं.
बाप ताटातल्या साराकडे बघत बसला.
मी विचारलं, त्यात किती जणांचा व्हायचा गं?
"सहा," ती म्हणाली.
"पाहुणा आला, तर सात."