दोन ठिपके

आजगावकर बाईंची जीप आठ दिवस
दारूखान्यात माझ्या खड्ड्यावर उभी.
तक्रार एकच: फोर व्हील टाकला की
खालून कुणीतरी दार ठोठावतं.

कुणी नव्हतं.
ट्रान्स्फर केसचा एक बोल्ट अर्धा बाहेर लोंबत होता,
अंगभर ॲल्युमिनियमची लव,
मांदेलीच्या खवल्यांसारखी चमकणारी.
भोकात करंगळीचं टोक फिरवलं.
गुळगुळीत. एक आटा शिल्लक नाही.

अल्तमश म्हणाला, मोठं भोक पाडू, बाराचा ठोकू.
त्याच्या वयात मीही हेच म्हणालो असतो.
म्हणालो नसतो,
ठोकून मोकळा झालो असतो.

बोल्ट रॉकेलमध्ये धुतला.
डोक्यावर, काजळीखाली,
पंचचे दोन ठिपके.

बाबाजान मिस्त्री प्रत्येक पोराला एक खूण द्यायचा.
लॉरेन्सची फुली, हुसेनची आडवी रेघ,
बारक्याचे, म्हणजे माझे, दोन ठिपके.
कौतुकासाठी नव्हे.
गाडी परत आली तर
कुणाच्या कानाखाली काढायची ते कळावं म्हणून.

गाडी परत आली नव्हती. एकोणीस वर्षं.
मिस्त्री गेला, त्याला सात झाली.
कान माझा अजून इथेच आहे.

आठवलं सगळं. तेव्हा मालक दुसरा, रंग दुसरा,
संध्याकाळ, मिस्त्री नमाजाला गेलेला,
आटे मोजायची पट्टी त्याच्या खिशात.
डब्यातून दहाचा बोल्ट उचलला.
दहाचा म्हणजे दहाचा.
भोक दीडच्या आट्याचं, बोल्ट सव्वाचा.
दोन फेरे बोटांनी गेला, तिसऱ्याला अडला.
अडला, म्हणजे सांगत होता काहीतरी.
मी पान्याला पाइप लावला.

बसला, असं मी मिस्त्रीला सांगितलं.

नागदेवीला जाऊन हेलिकॉइलचा संच आणला,
दुकानदार म्हणाला, चायनाचा देऊ? नको म्हटलं.
दहा दशांश चारचं ड्रिल,
टेप गुंडाळून खोलीची खूण केली,
टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, कीस आत पडू नये म्हणून.
मग अर्धा फेरा पुढे, पाव मागे.
अर्धा पुढे, पाव मागे.
बाहेर गोदीत कुणी जहाजाचा पत्रा कापत होतं,
त्याचा आवाज छातीत, हातात मात्र
फक्त कीस तुटल्याची ती बारीक कुरकुर.
अल्तमशला म्हटलं, डोळे मिट आणि धर.
त्यानं धरलं. अडतंय, म्हणाला.
मग?
मागे घेतो, म्हणाला.

एवढं मला कुणी तेव्हा विचारलं नव्हतं,
की विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं,
आता कुणाला विचारू?

तारेची गुंडाळी आत उतरली,
काठाच्या जरा खाली थांबवली,
शेपटी मोडून चिमट्यानं काढून घेतली.
नवा बोल्ट, दीडचा, पट्टी लावून दोनदा मोजलेला,
तळापर्यंत बोटांनी गेला,
जसा जायचा असतो.
मग टॉर्कचा पाना. टक्.
त्या टक्पुढे अर्धा दोराही नाही.

बाई बिल उलटून पालटून बघत होत्या.
खारफुटीच्या खात्यात नोकरी झालेली,
चिखलातली खोटी पावलं ओळखणारी बाई.
मजुरी लिहायची राहिली, म्हणाल्या.
राहिली नाही, म्हटलं.
मग काय लपवताय?

सांगितलं. ठिपके दाखवले.
त्यांनी जुना बोल्ट पर्समध्ये टाकला,
का, ते सांगितलं नाही.
पाचशे किलोमीटरनं परत आणा, म्हटलं, पुन्हा बघून देतो.
एकोणीस वर्षांनी नाही ना? म्हणाल्या,
आणि गिअर टाकला.

आणि हो, नव्या बोल्टवर, बसवायच्या आधी,
दोन ठिपके मी मारले होते.
अल्तमश बघत होता.
माझी खूण कुठली, म्हणाला.
पंच त्याच्या हातात दिला,
आणि भंगारातला एक नट.