बेचाळीस अक्षरांत

वारज्यात, हायवेच्या आवाजाकडे पाठ करून
मी रात्री जपानी मुलींना मराठी बोलायला लावते.
मिनिटाला पंच्याण्णव रुपये, टीडीएस कापून.
पडद्याच्या तळाशी दोन ओळी,
ओळीत बेचाळीस अक्षरं.
जोडाक्षर एक धरायचं की दोन
हे कंपनीलाही अजून ठरवता आलेलं नाही.

आधी चाकणला होते, प्रेस शॉपमध्ये दुभाषी.
अकरा वर्षं साचा, भेग, गंज
आणि "हे पुन्हा घडणार नाही".
तिथले साहेब मोजून वाकायचे :
पंधरा अंश, तीस,
आणि माल परत आला की पंचेचाळीस.

आजची फाइल चिनात्सुची.
वय चोवीस, गटातली सगळ्यांत थोरली. रंग पोपटी.
तिथे प्रत्येक मुलीला एक रंग असतो,
आणि तिच्या रंगाची बत्ती हातात धरून
बारा हजार माणसं अंधारात उभी असतात,
मुळशीकडच्या खाचरांत भात उभा असतो तशी.

गटातून बाहेर पडण्याला तिथे
पदवी घेणं म्हणतात.
शाळा कुठली, ते विचारू नये.
परीक्षा मात्र झालेली असते :
सीडीत निघालेल्या चिठ्ठीवर माणशी आठ सेकंद
हात हातात द्यायचा, हसायचं, नाव लक्षात ठेवायचं,
तोवर कुणीतरी त्याला खांद्याला धरून पुढे सरकवतं.
प्रेम करायचं नाही. करारात आहे.

हिनं केलं होतं, दोन वर्षांपूर्वी.
तेव्हाची माफीही मीच लिहिली,
पंचेचाळीस अंशांतली, दोन ओळींत.
चाकणचं वाक्य जसंच्या तसं बसलं.

खालच्या मजल्यावरची शाल्मली नववीत आहे.
शनिवारी तिघी जणी पार्किंगमध्ये हिचाच नाच बसवतात,
मनगटाला तुळशीबागेतल्या पोपटी रिबिनी.
मोडककाकांनी फलक लावला :
"येथे वाहनांव्यतिरिक्त कोणीही हालचाल करू नये."
मुली आता फलकाकडे तोंड करून नाचतात,
तो आरसा असल्यासारखा.

मावशी, ती शेवटी काय म्हणते? सांग ना.
नाही सांगता येणार गं.
करारात आहे.

तर शेवट.
दोन तास एकावन्न मिनिटं.
ती घाम पुसते, माइक खाली ठेवायला वाकते,
पुन्हा उचलते.
सायोनारा म्हणत नाही.
शाळेला निघालेली पोरं दारात बूट चढवता चढवता
आत ओरडून जे सांगतात, ते म्हणते.
इत्ते किमास.

हिंदीवाल्यानं लिहिलंय, चलती हूँ.
इंग्रजीवाला नुसता बाय लिहून मोकळा.

टिळक रोडच्या वर्गात, जिन्याखालच्या खोलीत,
ओगलेबाईंनी फळ्यावर दोन तुकडे केले होते :
इत्ते, जाऊन. किमास, येते.
"हे तुम्हांला काय शिकवायचं," म्हणाल्या,
"तुमच्यातली कोण कधी 'जाते' म्हणून घराबाहेर पडली आहे?"
आम्ही वहीत उतरवून घेतलं,
मार्कांसाठी.

मी एकदाच म्हटलं होतं.
चाकण सोडलं त्या संध्याकाळी, गेटवर,
रजिस्टरात सही करून, वॉचमनला,
मुद्दाम :
जाते.
तो गडबडून म्हणाला, "मॅडम, येते म्हणा."
बस आली होती.

चार सेकंद आहेत. लागतात पाच अक्षरं.
जाऊन येते.
बाकीची ओळ मोकळी राहू दिली.
फाइल पाठवली तेव्हा खाली
दूधवाल्याची स्कूटर लागत होती.

दुपारी तपासनिसाचा शेरा आला, पिवळ्या चौकटीत :
ओळ फार आखूड.
शिवाय, ती परत येणार आहे का?
संदर्भ तपासावा.

मी शेवट पुन्हा लावला.
ती पाठमोरी, पडदा अर्ध्यावर,
आणि बारा हजारांतल्या एकानंही
अजून बत्ती विझवलेली नाही.

शेऱ्याखाली लिहिलं,
तपासला.