नुकसानीची तारीख

फॉर्मवर पहिलाच रकाना: नुकसान कधी झालं?
मला काय ठाऊक.
बर्फावर घसरून घोटा मोडला, तेव्हापासून
सहा आठवडे गाडी जागची हलली नव्हती.
मी खिडकीत, पाय उशीवर,
ती ड्राइव्हवेत, डोक्यावर वीतभर बर्फ,
एकमेकींकडे बघत अख्खा जानेवारी काढला आम्ही.
मधल्या कुठल्यातरी रात्री
कुणीतरी तिच्या पोटात शिरलं
आणि निवांत जेवलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी किल्ली फिरवली.
डॅशबोर्डवर दिवाळी,
पिवळे, लाल, होते नव्हते ते सगळे दिवे,
आणि इंजिन ढिम्म.

ओढून न्यायचे एकशे दहा डॉलर.
भावाला फोन केला, तर म्हणतो,
‘अगं, समोर गणपती चिकटवलायस ना?
मग वाहनात वाहन येणारच.’
आणि खो खो हसला, सांगलीत बसून.
तिथे सकाळ होती, चहा होता.

वर्लिन टॉलेफसनचं गॅरेज डेकोराच्या बाहेर,
धान्याच्या कोठारांपाशी.
बॉनेट वर करून तो वाकला,
डॉक्टर वाकतो तसा नाही,
पोहरा पडलेल्या विहिरीत शेजारी वाकून बघतो तसा.
टॉर्च माझ्या हातात दिला.
हिरवी वायर, निळी वायर,
केशरी पट्ट्याची एक,
सगळ्या सोललेल्या,
शेवग्याच्या शेंगा चोखून
ताटाच्या कडेला ठेवाव्यात तशा.
तांबं त्याला नको होतं.
दोनच ठिकाणी तुटलं होतं,
वाटेत आलं म्हणून.

‘सोयाबीन,’ वर्लिन म्हणाला.
हल्ली वायरचं आवरण सोयाबीनपासून करतात म्हणे,
खरंखोटं कंपनी जाणे.
त्याने दाराबाहेर हनुवटी उडवली:
कापलेलं शेत पार आभाळापर्यंत,
बर्फातून वर आलेले खुंट.
ऑक्टोबरात इथलीच कितीतरी बिळं
मशीनखाली गेली असतील.
उंदराने फक्त आपलं शेत ओळखलं,
कुठल्या का रूपात परत आलेलं.

एअर फिल्टरच्या डब्यात घर निघालं.
शेजारच्या मिसेस ऑस्टबी पाखरांना घालतात
त्या सूर्यफुलाच्या बिया,
बॉनेटखालचा करडा कापूस,
आणि मी घरभर शोधलेल्या हातमोज्याची
जांभळी लोकर.
मधोमध अंगठा मावेल एवढा खळगा.
मी बोट घातलं.
ऊब नव्हती. उगाच वाटलं होतं, असेल.

फॉर्मवर पुढे: साक्षीदार आहे का?
लिहिणार होते, उंदराला मांजर साक्ष,
ऑस्टबींचं आहे एक, नारिंगी, आळशी,
पण इन्शुरन्सची मुलगी बसते नेब्रास्कात,
तिला म्हण कोण समजावणार.
पाचशे डॉलर माझे, वरचे त्यांचे.
तारीख मी चौदा जानेवारी ठोकून दिली.
संक्रांत कुणावर तरी यायचीच होती.

नव्या वायरींना वर्लिनने तिखट लावलेली टेप गुंडाळली.
मी म्हटलं, आमच्याकडचे उंदीर
मिरचीची पोती फाडतात.
तो हसला नाही. जरा विचार केला
आणि अजून एक वेढा दिला.
‘टेपचं सोड,’ म्हणाला, ‘गाडी चालव.
उभ्या गाडीत कुणीही राहायला येतं.’

आता रोज संध्याकाळी नदीपर्यंत जाऊन येते,
काही काम नसताना.
घोटा ठणकतो, गाडीभर पुदिन्याच्या तेलाचा वास,
जेवणानंतरच्या पानासारखा, पान नसलेला.
निघण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारते,
दुसऱ्याच्या दारावर मारावी तशी हलकी,
आणि थांबते.
पोरंबाळं गोळा करून बाहेर पडायला
लागेल तितका वेळ.
मग किल्ली फिरवते.