अकरा किल्ल्या

माझ्या कमरेला अकरा किल्ल्या.
घरं त्यांची, वजन माझं.

विट्याहून आटपाडीकडं जाताना
माळाला टेकून आमची वाडी. एस्टी थांबते,
कंडक्टर खिडकीतून बघतो, घंटी मारतो.
उतरायला कोण हाय?
माणसं सोनं गाळायला गेली,
सेलमला, सिलिगुडीला, कोळिकोडला.
मूस नेली, भट्टी नेली, बायकापोरं नेली,
घरं मात्र इथं बांधली.
दुमजली. दारात ग्रॅनाइट, गच्चीवर सिमेंटचा सिंह.
सिंह मालकाला बघतो सालातनं चार दिवस,
जत्रेला.
बाकीचं साल मला.

दर अवसेला कुलपं काढते.
सूर्यवंशींच्या किल्लीला लाल दोरा,
साळुंख्यांच्या किल्लीला फुटका मणी,
अधिकरावाची वाकडी. ती उलटी फिरवायची
आणि फिरवताना दाराला जरा खांदा द्यायचा,
हे त्याचं त्यालाही ठावं न्हाई.
आत शिरताना आधी खोकते.
कोण नसलं तरी सांगून गेलेलं बरं.
नळ सोडते, तांबूस पाणी येतं, मग निवळतं.
पाली हाकलते. शोकेसातल्या बाहुलीचं तोंड पुसते.
सोफ्यावर बसत न्हाई.
एकदा बसले. गार होता.
घरामागं महिन्याला दोनशे, मोबाईलवर येतात.
नातू काढून देतो, वीस त्याचे.

मग कॅनॉलला पाणी आलं.
जिथं हुलगासुद्धा रुसायचा
तिथं लोक गुंठ्याचा भाव इचारायला लागले,
आणि सेलमच्या भावाला आठवलं
की अधिकरावाचा बांध आपल्या अंगावर आलाय,
हातभर.

मोजणी लागली.
सेलमवाला गाडी घेऊन आला, दोन दिवस दोन राती चालवत.
अधिकराव तिकडं जावा बेटावर, सुरबायाला.
म्हणाला, "गजराक्का, तू हुभी ऱ्हा माझ्या जागी.
मोबाईल धर, मला बांध दिसू दे."
धरला. ऊन असं की काचेत माझंच तोंड.
मोजणीवाल्यानं नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं.
हद्दीचे तीन दगड घावले.
चौथा न्हाई.
सेलमवाला म्हणाला, उपटलास.
फोन म्हणाला, तूच गिळलास.
मला हात वर धरून धरून कळ लागली.

मी गप्प.
बत्तीस सालांमागं, लग्न होऊन नवी आले तवा
नणंद नि मी, दोघींनी ढकलत आणला तो दगड.
चांगला सपाट होता.
एका अंगाला बाण कोरलेला, त्यात साबण साचतो.
मागल्या दारी आहे.
माझी लुगडी, लेकीची दुपटी,
मालक गेले त्या दिवशीची चादर,
सगळं त्याच्यावर आपटलं.
सरकारचा असंल, कुणाला ठाऊक.

पुढची तारीख पडली. माणसं पांगली.

चारच्या सुमाराला अधिकरावाचा परत फोन.
राग उतरलेला. म्हणाला, "आक्का, माझं गाव बघ."
दुकान शहरात, ऱ्हायला लांब खेड्यात, भाडं कमी म्हणून.
माझ्याकडं अजून ऊन, त्याच्याकडं दिवेलागण.
फोन फिरवला त्यानं:
पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली भाताची खाचरं,
लांब एक डोंगर धूर सोडत बसलेला, वीटभट्टीगत,
मोटारसायकलला दोन्ही अंगांनी कोंबड्यांच्या पाट्या,
रस्त्याला खड्डे. ते वळखीचे वाटले.
एक बाई अंगण झाडत होती,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
"ही घरमालकीण?"
"न्हाई. मालक मलेशियाला, कामाला. ही घर बघते.
इबू म्हणतात तिला."
इबू म्हंजे काय, तर आई म्हणाला, नि बाईसुद्धा.
ती माझ्याकडं बघून हसली.
मी जुडगा वाजवला.
तिनं तिचा वाजवला.
"काय चाललंय तुमचं?" अधिकराव मधेच.

मी म्हटलं, एक इचार तिला,
धुणं कशावर धुते?
त्यानं इचारलं, त्यांच्या बोलीत.
ती हसायची थांबली.
एकदा घरामागं बघितलं,
एकदा अधिकरावाकडं.
"म्हणते, हाय एक दगड," तो सांगत होता,
"पण आक्का, तू हे कशाला..."

तेवढ्यात रेंज गेली. बरं झालं.