अंगुस्तान

आपण ज्याला उंट म्हणतो
त्याला त्या मुलखात बिशप म्हणतात.
पहिल्या गुरुवारी वाजलं ते यावरूनच.
रेव्हरंड थ्रेल, गावचे व्हिकर,
स्वतःचा बिशप मेला की घसा खाकरत;
आणि जोसाया पिंडर, बॅप्टिस्ट, पूर्वाश्रमी जोडे शिवणारा,
ज्याच्या पंथात बिशप नावाचा प्राणीच नाही,
त्या सोंगटीला नुसतं 'तिरपा' म्हणे
आणि मारताना जरा जास्तच जोरात आपटे.

लिंकनशरचा पाणथळ मुलूख, ताटासारखा सपाट.
उंच म्हणून दोनच गोष्टी:
चर्चचा मनोरा, आणि बंद पडलेली पवनचक्की.
रविवारी दोघं आपापल्या लोकांना
एकमेकांच्या नरकाचा पत्ता सांगत.
गुरुवारी पाच वाजता व्हिकरच्या घरी पट मांडत.
गावात याला कुणी मैत्री म्हणत नसे.
त्यांच्या तोंडावर तर नाहीच.

अर्धा राहिलेला डाव आठवडाभर तसाच ठेवायचा.
हेस्टर, घरची मोलकरीण,
फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून
एकेका घरातली धूळ टिपायची.
खेळ तिला येत नव्हता.
कोण कुठे उभं आहे
ते मात्र पाठ होतं.

मार्चमध्ये तिच्या बहिणीचं मूल गेलं.
अकरा दिवसांचं.
बहीण पिंडरच्या चॅपलला जाणारी;
त्यांच्यात बाप्तिस्मा कळत्या वयात,
म्हणजे मूल कोरडंच गेलं.
आणि कायदा असा, की कोरड्याला जमीन मिळते,
शब्द मिळत नाहीत.
उत्तरेची बाजू, खाजऱ्या झुडपांची.
अंधार पडल्यावर. कबर खणणारा म्हातारा गमेल, त्याचा कंदील, बास.
थ्रेलनी हा नियम केला नव्हता.
त्यांनी तो फक्त पाळला.

पिंडर भिंतीबाहेर उभा राहिला, रस्त्यावर.
रस्ता कुठल्याच पंथाचा नसतो.
तिथून तो प्रार्थना पलीकडे टाकत राहिला,
खोल आडात दोर सोडावा तशी,
पाणी लागतंय की नाही न कळता.
आत चर्चच्या दारात एक काळा झगा उभा होता.
पुढे आला नाही.
निघूनही गेला नाही.

मग पुढचा गुरुवार.
खेळी पांढऱ्याची, म्हणजे थ्रेलची.
त्यांनी पट पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.
"इथे माझं प्यादं होतं."
"होतं," पिंडर म्हणाला.
खोक्याला झाकण ठोकताना त्यानं मूठ पाहिली होती,
अकरा दिवसांची मूठ,
आणि बोटांच्या फटीतून दिसणारं हस्तिदंत.

दाराशी चहाच्या ट्रेवर एक कप किणकिणला.
थ्रेलनी मान वर केली नाही.
घड्याळाचे बरेच ठोके
कुणाच्याच नावावर न लागता गेले.
"हेस्टर," ते म्हणाले,
"तुझं अंगुस्तान दे जरा."
तिनं ते एप्रनच्या खिशातून काढलं:
पितळी, सुईच्या टोकांनी पोचे पडलेलं.
त्यांनी ते रिकाम्या घरात ठेवलं, बरोबर मधोमध,
आणि उंट हलवला.

तीनदा पिंडरच्या घोड्याला ते मारता येत होतं.
तीनदा घोडा भलतीकडे गेला.
चौथ्यांदा थ्रेल कडाडले:
"नियमानं खेळा, मिस्टर पिंडर. मला भिक्षा नको!"
शब्द तोंडातून गेल्यावर
त्यांचा चेहरा असा झाला
की तो आपल्याच मनोऱ्याखाली सापडलाय.

पिंडरनं मारलं.
न आपटता.
मेलेल्या सोंगट्यांच्या पेटीकडे नेलेला हात
वाटेतच वळला,
आणि अंगुस्तान त्यानं ट्रेवर ठेवलं,
साखरेच्या भांड्याशेजारी.
चामड्यानं राठ झालेल्या त्या तळव्यात राहून
ते कोमट झालं होतं.

डाव कोण जिंकलं याबद्दल गावात दोन मतं होती,
एक चर्चचं, एक चॅपलचं.
हेस्टरला कुणी विचारलंच,
तर ती कुणाचा तरी मोजा रफू करत असायची,
आणि मान खाली ठेवून म्हणायची,
मला कुठे खेळ येतो.