चाळीस अंशांत

बाहेर उणे बावीस. औलूच्या बंदरावर
क्रेनचे दोर काचेसारखे कडकडतात.
आत चाळीस.
दारावर पाटी: बूट इथेच काढा. बोलणंही इथेच.

मी मनात हसलो. उष्णता मला कोण शिकवणार?
चालायला यायच्या आधीपासून सौनात बसतोय,
बापाच्या मांडीवर. तापल्या दगडांवर पाणी पडलं
की कान भाजायचे, तरी हूं की चूं करायचं नाही,
हा आमच्या घरचा एकुलता एक संस्कार.

शिवाय दर गुरुवारी
मी जमिनीवरून दोनशे दहा किलो उचलतो
आणि जिथल्या तिथे परत ठेवतो.
कशासाठी, असं तुइयाने विचारलं होतं एकदा,
ती गेली त्याच्या आदल्या वर्षी.

शेजारच्या चटईवर हिल्क्का. वय एकाहत्तर.
एक खुबा टायटेनियमचा, हे तिनंच सांगितलं
बूट काढताना. पूर्वी टपाल वाटायची.
'पहिल्यांदा?'
'हो.'
'मग दाराजवळ घे जागा.'
मी आरशाजवळ घेतली.

मेर्वी म्हणाली, श्वास आत. म्हटलं, त्यात काय.
घेतला, तर तो आधीच कुणीतरी वापरलेला,
ओला, जड,
स्टोव्हवर वाळत घातलेल्या लोकरी मोज्यासारखा.

सौना काही मागत नाही. बसू देतो.
ही उष्णता कामं सांगते.
हात वर. दंड कानांना चिकटलेले. वाक.
तिथे नाही, तिथून पुढे.
आणि चार वर्षं पट्ट्यात बांधून
व्यायामशाळेत जो मी लपवत आलो
तो गुडघा
आरशात, सगळ्यांदेखत, लटलट कापतो.

सतराव्या मिनिटाला चटईवर माझंच तळं.
आता एका पायावर, मेर्वी म्हणते, झाड व्हा.
आमच्याकडे झाडांना काय तोटा,
पण माझं झाड दर वेळी कुऱ्हाडीआधीच पडतं.
डावीकडे. उजवीकडे. एकदा तर
थेट हिल्क्काच्या चटईवर.
ती हललीसुद्धा नाही.
तिच्या कोपरावरून घाम ठिबकत होता, सावकाश,
जणू प्रत्येक थेंब पत्ता नीट वाचून.

मग काजवे. मग दार फार लांब.
'बाहेर नको,' मेर्वी म्हणाली, आवाज न चढवता,
'इथेच आडवा हो. पडणंही चालतं इथे.'

पडलो.
चारी मुंड्या चीत,
आणि समोर प्रतिस्पर्धी म्हणून कुणीच नाही.
मनगटावरचं घड्याळ थरथरलं:
ठोके एकशे अडुसष्ट. हालचाल आढळली नाही.
व्यायाम संपला का?

छतावर एक पाइप होता. त्याच्याकडे बघत राहिलो.
बाप आठवला, असा ठरवून नाही.
शेवटच्या हिवाळ्यात तो खालच्या बाकावर बसायचा,
जिथे लहान मुलं बसतात.
मी वरून पाणी ओतायचो. मुद्दाम, जरा जास्तच.
तो उठायचा, भिंतीला धरून,
काही न बोलता बाहेर जायचा.
आणि मी एकटाच वर बसून राहायचो,
जिंकलेला.

घाम डोळ्यांत जातोय म्हणून पुसला. घामच होता बहुतेक.

शेवटी सगळेच आडवे झाले. प्रेतासारखे पडा,
मेर्वी म्हणाली, आणि या एका आसनात
मी वर्गाच्या बराच पुढे होतो.

बाहेर आलो तर प्रत्येकाच्या डोक्यातून वाफ,
जशी भांड्यावरचं झाकण काढल्यावर.
हिल्क्काने आपली स्लेज कुलपातून सोडवली.
'गुरुवारी येशील?'
'गुरुवारी माझं वजन असतं.'
'ते कुठे पळून जातंय,' ती म्हणाली,
आणि एका पायाने बर्फ ढकलत
वळणाआड गेलीसुद्धा.

माझ्या पापण्या चिकटत होत्या. किल्ली सापडेना.
हातातला ओला टॉवेल
गाडीपर्यंत पोचता पोचता फळी झाला.
आमच्यात सगळ्यांत ताठ
तोच.